नदीकाठ आणि जुना बाजार: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा: माळव्यातल्या एका नदीकाठच्या, सुमारे ४० हजार वस्तीच्या गावाचे नवे नगरपालिका अध्यक्ष विचारतात की, गावातला जुना मुख्य बाजार ओस पडत चाललाय आणि नदीचा नाला झालाय. एका सल्लागाराने दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, वर फरशीचा पायरस्ता, कारंजी आणि रंगीत दिवे असा ‘रिव्हरफ्रंट’ सुचवला आहे. दुकानदार म्हणतात ठेलेवाल्यांना हटवा आणि रस्ता रुंद करा. पैसा बेताचाच आहे. सुरुवात कुठून करायची?

मी इंदूरला राहते आणि जुन्या वस्त्या, बाजारपेठा आणि घाट यांच्या नियोजनाचं काम करते. तुमच्यासारख्या गावांची कामंही केली आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: भिंतीच्या प्रस्तावावर सही करू नका, निदान आत्ता नको. पहिला खर्च सांडपाण्यावर करा, दुसरा बाजारावर आणि घाटावर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केलेली गावं मी पाहिली आहेत. उद्घाटनाला गर्दी होते, पहिल्या उन्हाळ्यात पाण्याला वास सुटतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात फरश्या उखडतात. मग तिथे फिरायला कुणी जात नाही, आणि जे काठावर राहत होते किंवा धंदा करत होते त्यांना तर आधीच उठवलेलं असतं.

नदीची गोष्ट आधी, कारण तिचं उत्तर नदीत नसतंच, गल्लीत असतं.

एक साधा हिशेब करा. सरकारी मानकाप्रमाणे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यायचं असतं आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ४० हजार लोकांचं हे पाणी रोजचं ४३ लाख लिटर झालं. तुमच्याकडे पाणीपुरवठा मानकाइतका नसेल, समजा निम्मा असेल, तरी वीस लाख लिटरच्या वर जातं. उन्हाळ्यात तुमच्या नदीला स्वतःचा प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणजे त्या महिन्यांत पात्रात जे वाहतं ते गावाचंच सांडपाणी. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत बांधली तर तुम्ही एक सजवलेलं गटार बांधलंत.

इंदूरमध्ये आम्ही हे फार मोठ्या प्रमाणावर भोगलं. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून डोंगर चढवून शहरात आणलं गेलं. शहराची तहान भागली, शहर वाढलं. पण जितकं पाणी नळातून आत आलं, त्यातलं बहुतेक खान नदीतून (सरकारी कागदावर आता ती कान्ह आहे) आणि सरस्वती नदीतून बाहेर जाऊ लागलं. कृष्णपुऱ्याच्या होळकर छत्र्या, म्हणजे राजघराण्याची स्मारकं, अगदी खानच्या काठावर उभ्या आहेत. दगडातलं कोरीवकाम बघत तासभर बसावं अशी ती जागा. पण वर्षानुवर्षं लोक तिथून नाकाला रुमाल लावून पुढे जात. वास्तू सुंदर होती, जागा मोक्याची होती, राजवाडा चार पावलांवर होता, तरी खालच्या पाण्यामुळे कुणी थांबत नसे. पुढे नदीत आणि नाल्यांत थेट सोडलेली घराघरांची तोंडं शोधून बंद करायचं काम हाती घेतलं गेलं. हजारो जोडण्या नदीकडून काढून मलवाहिनीला जोडल्या गेल्या, काही नाले कोरडे पडले आणि मुलं त्यात क्रिकेट खेळली. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर (प्रक्रिया न केलेलं सांडपाणी बाहेर न सोडणाऱ्या शहराला स्वच्छ भारत मिशन देतं तो दर्जा) ठरलं ते याच कामामुळे.

आणि तरीही काम संपलेलं नाही. सांवेर रोडसारख्या औद्योगिक भागाचं पाणी, वाढत्या वसाहतींचं पाणी यांचा प्रश्न उरतोच. खान नदी उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, त्यामुळे २०१६ च्या सिंहस्थाला तिचं पाणी नळीतून वळवून घाटांच्या खाली सोडावं लागलं होतं. २०२८ साठी पुन्हा त्याहून मोठं काम चालू आहे. वरच्या गावाने गल्लीत न केलेलं काम खालच्या गावाला शेकडो कोटी खर्चून करावं लागतं. तुमच्या गावाच्या खालीही कुणाचं तरी गाव आहे, तिथल्या बायका त्याच पाण्यावर कपडे धुतात.

तर तुमच्या गावात नेमकं काय करायचं? मोठी मलवाहिनी टाकायला लगेच धावू नका. अरुंद गल्ल्या खोदायच्या, घराघरातून जोडण्या घ्यायच्या, पंप चालवायचे, विजेचं बिल भरायचं, हे लहान नगरपालिकेला झेपत नाही. आधी एक नकाशा करा. प्रत्येक नाला नदीला कुठे मिळतो, त्या नाल्याला कोणत्या गल्ल्या मिळतात आणि कोणत्या घरांची संडासाची टाकी कुठे उघडते, एवढं त्यात आलं पाहिजे. घरमालकाला विचारलंत तर प्रत्येक जण ‘सेप्टिक टँक है’ म्हणेल. संडासात थोडा रंग टाका, दोन बादल्या पाणी ओता आणि बाहेरच्या नालीवर माणूस उभा करा. बऱ्याच घरांत काही मिनिटांत रंगीत पाणी नालीत दिसतं, म्हणजे टाकी नावालाच आहे किंवा गाळाने काठोकाठ भरली आहे. ही तपासणी मी दरवेळी करायला लावते, कारण त्यानंतर पार्षदांच्या (नगरसेवकांच्या) बैठकीतला सूर बदलतो. नदी ‘बाहेरच्यांनी’ घाण केली असं मग कुणी म्हणत नाही.

टाक्यांसाठी साताऱ्यातल्या वाईचं उदाहरण बघा. कृष्णाकाठचं, घाटांचं, ढोल्या गणपतीचं गाव. २०११ च्या जनगणनेत वस्ती ३६ हजार, म्हणजे तुमच्याच मापाचं. तिथे २०१८ पासून घराघरातल्या टाक्या भरून वाहायची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने, तीन वर्षांत एकदा, उपसल्या जातात आणि तो गाळ वेगळ्या प्रकल्पात नेऊन त्यावर प्रक्रिया होते. सिन्नरनेही हेच केलं. एका फेरीचे पैसे घरमालकाकडून एकदम मागण्याऐवजी वर्षाला थोडा थोडा कर घेतला की लोक देतात. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: गाळ-प्रक्रियेचा प्रकल्प फक्त गाळ हाताळतो. टाकीतून आणि मोरीतून वाहणारं पाणी नाल्यातच जातं. त्यासाठी नाल्याच्या तोंडाशी एक छोटा बांध घालून कोरड्या दिवसांतला प्रवाह पाइपात वळवायचा आणि तो कर्दळ, पाणकणसासारख्या वनस्पती लावलेल्या खडीच्या वाफ्यांतून फिरवून मग सोडायचा. पावसाळ्यात मोठं पाणी बांधावरून थेट नदीत जातं. या पद्धतीला जागा लागते, पण वीज जवळजवळ लागत नाही. लहान गावात जागा अजून मिळते. गावाच्या खालच्या अंगाला नजूलची, म्हणजे सरकारी मालकीची, पडीक जमीन असेल तर कुणी प्लॉट पाडण्याआधी ती आजच या कामासाठी राखून ठेवा.

पैशाचं सांगते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमृत २.० आणि स्वच्छ भारत मिशन शहरी २.० अशा दोन योजना एकदम सुरू झाल्या. अमृतमधला मलनिस्सारणाचा भाग मुळात आधीच्या ५०० शहरांसाठी होता. एक लाखाखालच्या गावांसाठी सांडपाण्याची सोय स्वच्छ भारत मिशन २.० मध्ये केलेली आहे. सल्लागार सहसा हे सांगत नाहीत, कारण त्यात कारंजी बसत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगानेही लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून ठेवला होता. तुमच्या सीएमओंना (मुख्य नगरपालिका अधिकाऱ्यांना) बसवून कोणत्या शीर्षाखाली किती शिल्लक आहे आणि पुढच्या काळासाठी काय मिळणार आहे ते लेखी घ्या.

खोदकाम करताना पिण्याच्या पाण्याची लाइन कुठून जाते हे माहीत नसेल तर कुदळ लावू देऊ नका. डिसेंबर २०२५ मध्ये इथे इंदूरच्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली. सर्वांत स्वच्छ म्हणून वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहरात हे घडलं. वरून रस्ता लखलखीत असला तरी खालचे दोन पाइप एकमेकांपासून किती लांब आहेत हे कुणाला तरी ठाऊक असायलाच हवं. तो नकाशा ठेकेदाराकडे नको, नगरपालिकेच्या कपाटात हवा.

आता भिंत. तुमच्या सल्लागाराच्या चित्रात बहुधा अहमदाबादची साबरमती आहे. ती पाहून कुणालाही भुरळ पडते. पण तिथे काठाला जे भरलेलं पाणी दिसतं ते साबरमतीचं नाही, नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आणि वासणा बंधाऱ्याने अडवलेलं आहे. तुमच्या गावाला असा कालवा कोण देणार? पाणी नसेल तर दोन भिंतींच्या मधे खड्डा उरतो. शिवाय पात्र अरुंद केलं की पुराचं तेवढंच पाणी कमी रुंदीतून जायला बघतं, म्हणून त्याची उंची वाढते आणि वेगही. त्याहून वाईट गोष्ट भिंतीच्या आतल्या बाजूला होते. नदी चढलेली असते तेव्हा नाल्यांची तोंडं बंद करावी लागतात, नाहीतर नदीच उलटी गावात शिरते. आणि नेमका त्याच वेळी गावात पाऊस पडत असतो. ते पाणी भिंतीमागे तुंबतं. मग नदीने भिंत न ओलांडताही बाजारात कमरेएवढं पाणी येतं.

म्हणून भिंतीचा विचार करायच्या आधी जलसंसाधन विभागाकडून पूररेषा मागवा. ती येईपर्यंत गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन फिरा. मोठ्या पुरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत, कुठल्या देवळाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं हे त्यांना वर्षासकट आठवतं. तिथे भिंतीवर रंगाने खूण करा. त्या खुणेच्या खाली पक्कं बांधकाम करायचं नाही, असा ठराव घ्या. या एका ठरावापायी तुमची चार मतं गेली तरी चालेल. त्या पट्ट्यात भाजीची वाडी, खेळाचं मैदान, झाडं, हाट असं काहीही चालतं, कारण पूर येऊन गेला की दोन दिवसांत ते परत सुरू होतं.

बाजाराकडे येते. माझा जीव खरं तर याच्यात जास्त आहे.

बाजार ओस का पडला याचं उत्तर दुकानदार ‘मॉल’ आणि ‘ऑनलाइन’ असं देतात. ते थोडं खरं आहे. पण तुमच्या बाजाराचं गिऱ्हाईक मुळात आसपासच्या खेड्यांतलं. ते कशाने येत होतं? बसने यायचं, तहसीलमध्ये काम असायचं, दवाखान्यात दाखवायचं असायचं, आणि मग साडी, भांडं, बियाणं घेऊन परत जायचं. मागच्या वीस वर्षांत लहान गावांनी बस स्टँड बायपासवर नेला, तहसील नव्या संकुलात नेली, दवाखाना गावाबाहेर नेला. प्रत्येक निर्णयाला त्या वेळी कारण होतं, गर्दी कमी व्हावी हे. गर्दी कमी झाली, आणि गिऱ्हाईकही गेलं. एका कापड दुकानदाराने मला एकदा नेमकं सांगितलं होतं, “दीदी, ग्राहक अब भी गाँव में आता है, हमारे पास से नहीं निकलता.” तेव्हा तुमच्या अखत्यारीत जे अजून बाजारात आहे, म्हणजे नगरपालिकेचं कार्यालय, टपाल, बँक, वाचनालय, मुलींची शाळा, त्यातलं एकही बाहेर जाऊ देऊ नका. बस स्टँड परत आणता येणार नाही, पण खेड्यांकडे जाणाऱ्या टेम्पो-मॅजिकचा थांबा बाजाराच्या तोंडाशी नक्की देता येतो. याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

दुसरं, बाजारात बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, दिवा आणि कडी असलेलं स्वच्छतागृह बांधा आणि ते सांभाळायला पगारी बाई नेमा. खेड्यातून सकाळी निघालेली बाई घरूनच पाणी न पिता येते. दुपार झाली की तिला घरी पळायचं असतं. खरेदीचा निर्णय बहुतेक घरांत तीच करते. ती आणखी दीड तास निश्चिंत थांबली तर बाजाराच्या गल्ल्यात काय फरक पडतो हे कुठल्याही बांगडीवाल्याला विचारा. मी जिथे जिथे काम केलं तिथे पहिल्या यादीत हे होतं, आणि दरवेळी ते कुणीतरी खोडून तिथे ‘स्वागत कमान’ लिहिलं. तुम्ही तसं करू नका.

ठेलेवाल्यांना हटवायची मागणी मान्य करायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, कायदा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग नगर विक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच, आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. दुसरी गोष्ट बाजाराच्या स्वभावाची आहे. इंदूरच्या सराफ्यात एकदा रात्री नऊच्या सुमारास या. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. ती बंद होऊ लागतात, शटर खाली येतं, आणि त्याच दुकानाच्या ओट्यावर, त्याच चार-पाच फुटांत, दुसरा माणूस आपली कढई आणि पाट मांडतो. भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), जलेबा (मोठी जिलबी), मालपुवा. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत माणसांना माणसं लागलेली असतात. सकाळी ओटा धुतलेला, सराफ पुन्हा गादीवर. एकाच दगडावर दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे दोन संसार चालतात. ज्या बाजारात रात्री दोनपर्यंत माणसांची वर्दळ असते तिथे सोन्याच्या दुकानाला वेगळी राखण फारशी लागत नाही, असं जुने सराफ सांगत. आता गर्दी फार वाढली, गॅसच्या टाक्या आल्या, आगीची भीती खरी आहे, आणि कोणते ठेले परंपरेचे आणि कोणते नवे यावर सराफांचे आणि चौपाटीवाल्यांचे, म्हणजे या रात्रीच्या खाण्याच्या ठेलेवाल्यांचे, वाद होत असतात. पण त्या वादातही सोडवणूक शोधली जाते ती संख्या, जागा आणि वेळ ठरवून.

तुमच्या बाजारातही हाच मार्ग आहे. कोणता ठेला कोणत्या वेळी, कोणत्या पट्टीच्या आत, हे रंगाने जमिनीवर आखा. सकाळी भाजी, दुपारी मोकळं, संध्याकाळी खाणं. ठेलेवाले गेले की दुकानांचा धंदा वाढतो असा दुकानदारांचा समज असतो. बहुतेक वेळा उलटं होतं, कारण गिऱ्हाईकाला गल्लीत खेचून आणणारा दहा रुपयांचा माल ठेल्यावरच असतो.

रस्ता रुंद करू नका. इंदूरच्या जुन्या भागात रुंदीकरणासाठी घरांचे पुढचे भाग कापले गेले आहेत. ओटा गेला, ओसरी गेली, जिना उघडा पडला. वाढलेल्या रुंदीत आज काय आहे? उभ्या केलेल्या मोटारी. त्यापेक्षा इंदूरच्याच ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीचं बघा. २०२० मध्ये ती गल्ली वाहनांना बंद करून, तारा जमिनीखाली नेऊन, बसायला जागा करून ५६ दिवसांत नव्याने केली. मला तिथली सगळी सजावट आवडते असं नाही, पण वाहन बाहेर ठेवलं की गिऱ्हाईक कमी होत नाही, हे तिथे रोज संध्याकाळी दिसतं. तुमच्या मुख्य गल्लीत आधी फक्त हाटाच्या दिवशी आणि सणाच्या आठवड्यात मोटारी बंद करा. दुचाकी दोन्ही टोकांना लावायची सोय करा. दुकानदारांच्या गल्ल्याची आधीची आणि नंतरची आकडेवारी त्यांनीच ठेवावी, तुम्ही नाही. त्यांच्या वहीवर त्यांचा विश्वास असतो.

बाजारातल्या इमारतींबद्दल एक तांत्रिक गोष्ट, जी दरवेळी दुर्लक्षित राहते. तुमच्याकडची जुनी दुकानं-घरं विटा-चुन्याची, सागवानी खांब-तुळयांची असणार. सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यांना सिमेंटचं प्लास्टर आणि वर चकचकीत ऑइल पेंट लावला जातो. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते. सिमेंटने बाहेरचा रस्ता बंद केला की ओल आतच राहते, विटांवर पांढरा क्षार फुलतो, आणि भिंतीत बसलेलं तुळईचं टोक आतून कुजायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. चार-सहा पावसाळ्यांनी प्लास्टरचा पापुद्रा सुटतो आणि मग लोक म्हणतात, ‘जुनी इमारत आहे, पाडा’. इमारत जुनी असल्यामुळे नाही, नव्या प्लास्टरमुळे खराब झालेली असते. चुना मळणारे कारागीर माळव्यात आणि निमाडात अजून आहेत. निविदेत ‘चुन्याचं प्लास्टर, चुन्याची सफेदी’ एवढे शब्द घाला. आणि विजेच्या जुन्या तारा आधी बदला. इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागली तेव्हा लाकडाचं काय होतं हे या शहराने पाहिलं. त्यातून जे गेलं ते पुन्हा उभं करायला दोन दशकं लागली.

वरचे मजले रिकामे का, हाही प्रश्न तुम्ही विचारायला हवा. खाली दुकान, वर कबुतरं, हे प्रत्येक जुन्या बाजारात दिसतं. कारण बहुधा मालकीचं असतं: सहा वारस, त्यातले दोन इंदूरला, एक पुण्याला, आणि खालच्या भाडेकरूचं भाडं आजोबांच्या वेळचं. दुरुस्ती करणार कोण? नगरपालिका हा गुंता सोडवू शकत नाही, पण दुरुस्तीची परवानगी पंधरा दिवसांत द्यायची आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला काही वर्षं मालमत्ता करात सूट द्यायची, एवढं नियम तपासून करता येईल. रात्री वर दिवा लागला की बाजार आपोआप सुरक्षित होतो.

लोकांना यात कसं आणायचं? इथे मला पॅट्रिक गेडिस आठवतात. हे स्कॉटिश नियोजनकार तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी इंदूरला आले, आणि १९१८ मध्ये त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. आधी निदान, मग उपचार, आणि जुनं सरसकट न पाडता जेवढं लागेल तेवढंच कापायचं, हा त्यांचा आग्रह. त्या वेळी शहरात प्लेगची दहशत होती. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी एक मोठी मिरवणूक काढली आणि आधी जाहीर केलं की ती सर्वांत स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून जाईल. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. लोकांनी वर्षांचा साठलेला कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, आणि सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. दंडाची नोटीस काढून हे झालं नसतं. तुमच्याकडेही गणपती असेल, रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) असेल, देवीची यात्रा असेल. त्या मिरवणुकीचा मार्ग कोणत्या नाल्याकाठून जाईल, हे तुम्ही सहा महिने आधी जाहीर करू शकता. पालखी आपल्या दारावरून जावी असं कुणाला वाटत नाही?

घाटाचं थोडक्यात, कारण तोपर्यंत तुम्हाला दोन वर्षं तरी लागतील. महेश्वरला एकदा सकाळी जाऊन बसा. अहिल्याघाट जिवंत आहे तो रंगीत दिव्यांमुळे नाही. तिथे लोक अंघोळ करतात, नावा लागतात, पूजा होते, आणि वर गावात माग चालतात. १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटीने विणकरांच्या हाताला पुन्हा काम दिलं, म्हणून महेश्वरी साडी घ्यायला आलेला माणूस घाटावर उतरतो आणि घाटावर आलेला माणूस साडी घेऊन जातो. तुमच्या गावातही काहीतरी बनत असेल, छपाई, भांडी, शेव, दोर. त्याला घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत जागा द्या. घाटावर सुटलेल्या पायऱ्या त्याच दगडाने, चुन्यात बसवा. म्हाताऱ्यांसाठी एका बाजूने कठडा, बायकांना कपडे बदलायला आडोसा, धुणं धुणाऱ्यांसाठी वेगळी पायरी, मूर्ती विसर्जनासाठी वेगळं कुंड, आणि सावलीला वड-पिंपळ-कडुनिंब. पात्रात उतरणारी पायवाट मातीचीच असू द्या. एवढ्यात घाट होतो.

सल्लागाराला नकार द्यायची गरज नाही. त्याला चार प्रश्न लेखी विचारा: उन्हाळ्यात पात्रात पाणी कुठून येणार, नाल्यांचं पाणी कुठे जाणार, पूररेषेच्या खाली काय काय आहे, आणि पाच वर्षं देखभालीचा खर्च कोण करणार. उत्तरं एका महिन्यात मागा. दरम्यान रंग टाकून केलेली टाक्यांची तपासणी एका प्रभागात, शक्यतो तुमच्या स्वतःच्या, करून घ्या आणि हाटाच्या दिवशी बाजाराच्या दोन्ही टोकांना दोन मुलं वही घेऊन बसवा, किती माणसं आली, किती बायका, कुठल्या गाडीने. सल्लागाराची उत्तरं, नाल्यांचा नकाशा आणि ही वही माझ्याकडे पाठवा. घाटाचा आराखडा त्यानंतर काढू, आणि तुमच्या पार्षदांसमोर तो मांडायला मी स्वतः येईन.